समुद्राकाठची पद्मिनी : रनिंग बोर्ड आणि तळाचा गंज कुठपर्यंत कापावा?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी.

वडिलांची 1987 ची प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे वेंगुर्ल्याला आहे. विकायचा विषय नाही. ती चालती ठेवायची आहे आणि नीट चालती ठेवायची आहे. इंजिनाची चिंता नाही. 1089 सीसीचं ते इंजिन अजून दणकट आहे, स्टिअरिंगवरचा गिअरही लोण्यासारखा पडतो. प्रश्न पत्र्याचा आहे. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आणि शेडला तीनच भिंती, त्यामुळे खारा वारा वर्षभर गाडीला लागतो.

बाहेरून पाहिलं तर दारांच्या खालच्या कडेला रंगाचे फुगे आणि मागच्या मडगार्डच्या कमानीवर तपकिरी ओघळ, एवढंच दिसतं. सीट काढून रबरी मॅट उचलल्या तेव्हा खरी परिस्थिती कळली. मॅटखालचा नमदा ओलाच होता. ड्रायव्हरच्या टाचेखालचा पत्रा नमद्याला चिकटून थराथरांनी वर आला, मधे ओलसर भुगा, आणि खाली जमीन दिसेल एवढं भोक. दाराखालच्या रनिंग बोर्डवर चुंबक फिरवला तर मधल्या वीतभर भागात तो धरतच नाही. म्हणजे आधी कधीतरी तिथे पुट्टी भरून वेळ मारून नेली आहे.

जवळच्या एका गॅरेजचं म्हणणं, वरून पत्रा ठोकतो, पुट्टी भरतो, रंग मारून चतुर्थीच्या आत गाडी देतो. दुसरा डेंटर म्हणतो, दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड कापावे लागतील आणि पुढचा तळ बदलावा लागेल. खर्चात दुपटीहून जास्त फरक आहे. खर्च करायची तयारी आहे, पण तो योग्य जागी व्हावा. कुठपर्यंत कापायचं हे कसं ठरवतात? आणि सुरुवात कुठून करायची?

पत्रेकाम

दुसऱ्या डेंटरकडे द्या, आणि आधी त्यानं केलेली एखादी गाडी खालून बघून या. वरून नको, खालून.

पद्मिनीला वेगळी चासी नाही. 1953 साली इटलीत आलेली फियाट 1100-103 हीच मुळात चासीशिवायच्या बांधणीची, आणि पद्मिनी तिच्याच वंशातली. तळ, दोन्ही रनिंग बोर्ड, दारांमधले खांब आणि छत मिळून जी पेटी होते तीच गाडीचा भार घेते. तुमचे रनिंग बोर्ड दाराखालची शोभेची पट्टी नाहीत. ते पोकळ तुळया आहेत. आत कुजले की गाडी मधे बसायला लागते. लक्षण सोपं आहे: मागचं दार उघडताना थोडं उचलावं लागतं का बघा, आणि दार व खांब यांच्यातली फट वर आणि खाली सारखी आहे का बघा.

कुठपर्यंत कापायचं, याची माझी पद्धत सांगतो. सगळी पुट्टी आणि डांबर खरवडून काढा. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं इंच इंच ठोकत जा. चांगला पत्रा टणटणतो, सडलेला भद्द वाजतो. जिथे आवाज बदलतो तिथे खूण करा. नंतर ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून तो भाग उघडा करा. पत्रा पांढरा चकचकीत निघाला आणि त्यात काळे खड्डे उरले नाहीत, म्हणजे तिथून पुढे पत्रा जिवंत. त्या रेषेच्याही पुढे दोन-तीन सेंटिमीटर जाऊन कापायचं. काळे खड्डे ठेवून त्याच्याजवळ वेल्डिंग केलंत तर पत्रा जळत जाईल आणि भोकामागे भोक पडत जाईल.

नवा पत्रा सीआर, म्हणजे साधा कोल्ड रोल्ड, घ्या. तळाला 20 गेज, म्हणजे साधारण 0.9 मिलिमीटर; रनिंग बोर्डची आतली पट्टी आणि जॅक लावायची जागा 18 गेज. गंज लागणार नाही म्हणून कुणी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा सुचवेल. त्यावर वेल्डिंग करताना जस्ताचा धूर होतो, तो छातीत गेला की रात्री ताप भरतो. शिवाय जोडाजवळचं जस्त जळूनच जातं.

सडलेल्या पत्र्यावर वरून नवा पत्रा ठोकण्याचं काम कुणालाही करू देऊ नका. दोन पत्र्यांच्या मधे जी फट राहते तिच्यात पाणी शिरतं, बाहेर यायला वाट नसते. एक-दोन पावसाळ्यांत नवा पत्राही जातो, आणि तो आतून जात असल्यामुळे कळतही नाही.

तळाआधी एक जागा बघा: मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे बॉडीला लागतात ती. ती सडलेली असेल तर गाडी आजच रस्त्यावरून काढा. सीटचे रूळ जिथे बोल्टनं बसतात तो पत्राही तसाच महत्त्वाचा.

क्षारपड

पत्रेकाम यांनी पत्र्याचं सांगितलं. मी पाण्याचं सांगतो, कारण नमदा ओला होता हे वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं.

समुद्राचं मीठ म्हणजे नुसतं जेवणातलं मीठ नाही. जेवणातलं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की पाणी ओढून ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते 33 टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढायला लागतं. वेंगुर्ल्याची हवा कडक उन्हाळ्यातसुद्धा त्याच्या वरच असते. म्हणजे मिठाचा थर बसलेला पत्रा पाऊस नसतानाही कधी पूर्ण वाळत नाही. त्या ओलाव्यातून गंजाची क्रिया बारा महिने चालू राहते.

दुसरं, गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असतं. दोन पत्र्यांच्या जोडात गंज धरला की तो जोड आतून फाकवतो, फट मोठी होते, आणखी खारं पाणी आत येतं. म्हणून गंज नेहमी जोडाच्या ओळीनं धावतो.

याचा कामाशी संबंध असा: घासून चकचकीत केलेल्या पत्र्याच्या खड्ड्यांत क्लोराइड शिल्लक असतात. प्रायमर मारण्याआधी पत्रा गोड्या पाण्यानं, ब्रशनं घासून, पुन्हापुन्हा धुवा आणि लगेच गरम हवेनं वाळवा. बाजारात मिळणारं गंजाला काळं करणारं द्रावण, ज्यात टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असतं, ते खारट पत्र्यावर तसंच लावलं तर वरून छान काळं दिसतं आणि खालून काम चालूच राहतं. ते धुतलेल्या, घासलेल्या पत्र्याच्या बारीक खड्ड्यांपुरतंच वापरा.

उद्यमनगर

कोल्हापूरहून लिहितोय. आमच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकाम, लेथ, पत्रा, सगळं एका गल्लीत मिळतं, त्यामुळे जुन्या गाड्यांची कामं इथे बरीच येतात.

पत्रेकाम, तुम्ही सीओटू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात तारेनं होणारं विजेचं वेल्डिंग) धरून लिहिलंय का? बाहेरच्या दर्शनी पत्र्याला, म्हणजे मडगार्डच्या कमानीला, माझं मत गॅस वेल्डिंगच्या बाजूचं आहे. सीओटूचा टाका कडक होतो, त्यावर हातोडा चालत नाही; घासून सपाट करावा लागतो आणि घासताना बाजूचा पत्रा पातळ होतो. गॅसचा टाका मऊ राहतो. खाली डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, धरून ठोकला की जोड पत्र्यात मिसळून जातो, पुट्टी जवळजवळ लागतच नाही. पत्रा ओढला जातो हे खरं, पण जिथे फुगवटा येतो तिथे नाण्याएवढी जागा लाल करून ओल्या फडक्यानं दाबली की पत्रा आक्रसून बसतो. हे काम हाताचं आहे आणि ते हात आता कमी होत चाललेत, पण अजून आहेत.

पितळी वेल्डिंग मात्र करू देऊ नका. त्याला लागणारी पावडर जोडात राहते आणि ओल धरून तिथलाच पत्रा खाते.

सुटे भाग, म्हणजे बिजागऱ्या, बंपरचे ब्रॅकेट, चाकांच्या रिम, यांना आम्ही साखर कारखान्यातल्या उसाच्या मळीत बुडवतो. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या पिंपात आठ-पंधरा दिवस. मळी गंज सोडवते आणि चांगल्या लोखंडाला जवळपास धक्का लावत नाही. बाहेर काढल्यावर जोरात पाणी मारलं की भाग करड्या रंगाचा, स्वच्छ निघतो. वास येतो, म्हणून पिंप घरापासून लांब ठेवा. अ‍ॅल्युमिनियमचे भाग आणि दारांच्या जस्ती ओतीव मुठी त्यात टाकू नका, त्या खाल्ल्या जातात.

पत्रेकाम

उद्यमनगर, कमानीच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य. चांगला गॅसवाला मिळाला तर दर्शनी पत्र्याला त्याच्यासारखं काम नाही. पण रनिंग बोर्डला माझा आग्रह सीओटूचाच राहील. तिथे ठोकायला आतून हात जात नाही, आणि गॅसची उष्णता एवढी पसरते की संपूर्ण बाजू वाकडी होऊ शकते. सीओटूला 0.8 मिलिमीटरची तार, छोटे छोटे टाके, एक या टोकाला तर पुढचा त्या टोकाला, आणि मधे पत्रा हाताला सोसेल एवढा थंड होऊ द्यायचा. सलग ओढत नेलेली वेल्डिंगची रेघ दिसली तर काम घाईत झालंय असं समजा.

शेंगदाणा

आमच्याकडे दर पावसाळ्याआधी गाडीखाली जळकं ऑइल फवारतात. काकांच्या जीपला वर्षानुवर्षं तेच चाललंय आणि तळ शाबूत आहे. खाडीकाठ यांनीही तेच करावं का?

क्षारपड

तेलाचा थर पाणी अडवतो, एवढा भाग खरा आहे. पण इंजिनातून निघालेल्या तेलात आम्लं आणि धातूचा चुरा असतो, ते सस्पेन्शनची रबरी बुशं फुगवतं, आणि कातडीला व फुप्फुसांना घातक आहे. कोकणात त्याहून मोठा मुद्दा विहिरींचा. जांभ्याच्या जमिनीतून ते झिरपतं आणि पिण्याच्या पाण्याला लागतं. मेणाचा किंवा लॅनोलिनचा फवारा मिळतो, लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतला स्निग्ध अंश. काम तेच होतं, हे तोटे नाहीत.

टोरांटोवासी

इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ आणि क्षाराचं पाणी टाकतात, त्यामुळे गंज हा इथल्या प्रत्येक गाडीवाल्याचा विषय. क्षारपड यांनी मॅग्नेशियम क्लोराइडबद्दल लिहिलं, तसंच इथे कॅल्शियम क्लोराइडचं. तेही वाळत नाही. माझ्या अनुभवात गाडी वाचते ती दर शरदात दारांच्या आत, रनिंग बोर्डच्या पोकळीत, डिकीच्या झाकणाच्या घडीत पातळ तेलकट फवारा मारून घेतल्यामुळे. एकदा करून विसरायचं काम नाही ते. आणि तो जाड, काळा, रबरासारखा थर खालून मारतात ना, तो जुन्या गाडीला नको. त्याला बारीक चीर पडली की मागे पाणी साठतं आणि आतला पत्रा जातो, तोवर वरून सगळं काळं गुळगुळीत दिसत असतं.

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. प्रगती कळवतो.

काम दुसऱ्या डेंटरकडे दिलं. हँगरची जागा वरवर गंजलेली निघाली, पत्रा जाड आणि टणक आहे. मोठा दिलासा. रनिंग बोर्ड मात्र दोन्ही बाजूंनी कापावे लागणारच. उजवा उघडला तेव्हा आत चक्क मातीचा ओला थर होता, पाणी जायची भोकं पूर्ण बुजलेली.

आता दोन प्रश्न. कापल्यावर बॉडी वाकू नये म्हणून काय करावं? आणि नमद्यात पाणी येतंय कुठून? चाकांकडून म्हणावं तर तळ पेडलच्या वरच्या बाजूलाही ओला आहे.

पत्रेकाम

वाकू नये म्हणून: गाडी चाकांवर किंवा एक्सलखाली स्टँड देऊन सपाट जमिनीवर उभी करा, मधे जॅक लावून नाही. दाराच्या चौकटीत चौकोनी पाईप आडवा आणि तिरका टाचून घ्या, पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत आणि तिथून मागे. दोन्ही दारांच्या चौकटींची तिरकी मापं आधी लिहून ठेवा. एका वेळी एकच बाजू कापा. नवा रनिंग बोर्ड आधी नुसता टाचा, मग पाईप न काढता दार बिजागऱ्यांवर लावून बंद करून बघा. फट सारखी आली तरच पूर्ण वेल्डिंग. नंतर फट दुरुस्त करायची म्हणजे सगळं पुन्हा कापायचं.

वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवा. मागच्या बाजूला काम करणार असाल तर पेट्रोलची टाकी काढूनच ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, आत वाफ असते.

पाण्याबद्दल: पेडलच्या वर ओल आहे म्हणजे ते वरूनच येतंय. काचेच्या रबराचे खालचे दोन कोपरे आणि वायपरखालचा हवेचा कप्पा, या दोन जागा बघा. कप्प्यात पानं साठून कुजतात, निचरा बंद होतो आणि पाणी आत उतरतं. एकजण आत टॉर्च घेऊन बसा, दुसऱ्यानं पाईपनं खालून वर, हळूहळू, एकेका जागी पाणी सोडा. आधी काचेची खालची कड, मग कोपरे, मग वरची कड. सगळीकडे एकदम पाणी मारलंत तर काहीच कळणार नाही. ही वाट बंद झाल्याशिवाय तळाचं काम पूर्ण झालं असं धरू नका. नवा पत्रासुद्धा याच पाण्यानं जाईल.

उद्यमनगर

आणखी एक. दाराच्या काचेला बाहेरून घासणारी रबरी पट्टी कडक झाली की सगळं पाणी दारात उतरतं. ते जायला दाराच्या तळाला भोकं असतात. तुमच्या दारांना खालच्या कडेला फुगे आलेत, म्हणजे तीही बुजलेली असणार. सायकलच्या चाकाची तार घेऊन मोकळी करा.

जुनाबाजार

दारं फारच गेली असतील तर बदलायला मिळतील का हाही प्रश्न आहे. मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी 2003 मध्ये नोंदली गेली आणि 20 वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर 2023 मध्ये ती रस्त्यावरून गेली. टॅक्स्या होत्या तोवर दारं, मडगार्ड, डिक्या कुर्ल्याच्या भंगार बाजारात सहज मिळायच्या. अजूनही तिथे, आणि पुण्यात बुधवार-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, शोधलं तर मिळतं. चुंबक घेऊनच जा. टॅक्सीच्या दारांत पुट्टीचे थर पुष्कळ असतात. माझं मत विचाराल तर खालची चार बोटं गेलेलं मूळ दार, नव्या कडेसह, बाजारातल्या अनोळखी दारापेक्षा बरं. ते तुमच्या चौकटीत बसलेलं असतं.

थरावरथर

मी रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते, म्हणून रंगाचं लिहिते.

उघड्या पत्र्यावर पुट्टी लावू नका. पॉलिएस्टर पुट्टीत शंखजिऱ्याची भुकटी असते, ती ओल शोषते आणि थेट पत्र्याला पोचवते. आधी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, तो 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं हलका खरबरीत करून त्यावर पुट्टी, तीही दोन-तीन मिलिमीटरच्या आत. त्याहून जास्त लागत असेल तर पत्रा अजून ठोकायचा राहिलाय. मग सरफेसर (बारीक ओरखडे भरणारा प्रायमर), वॉटर पेपर 400 ते 800, मग रंग. नुसता रेड ऑक्साइड मारून कित्येक दिवस ठेवायची पद्धत सोडा. तो थर सच्छिद्र असतो, पाणी आत जातं.

फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण वापरलं असेल तर पूर्ण धुऊन घ्या, नाहीतर इपॉक्सी नीट धरत नाही, पापुद्रा सुटतो.

पावसाळ्यात रंग नको. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या निदान 3 अंश वर आणि आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली असायला हवी. कोकणात जुलैत ते शक्यच नाही. प्रायमर बंद खोलीत हीटर लावून मारून घ्या, रंग दिवाळीनंतर.

आणि कळकळीनं सांगते: पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. तोंडाला रुमाल बांधून फवारणी करणारे पेंटर आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यांना दमा जडतो आणि तो परत जात नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तुमच्या पेंटरकडे नसेल तर त्याचं भाडं तुम्ही द्या.

आरसीबुक

कागदांचं थोडं. रंग मूळचाच ठेवत असाल तर काही नाही. बदलणार असाल तर आरसीत नोंद करून घ्या. चासी नंबर कोरलेल्या पत्र्याला ग्राइंडर लावू देऊ नका, पुनर्नोंदणीच्या तपासणीत तोच बघतात. कापाकापीच्या आधी त्याचे फोटो काढा. 2021 च्या केंद्राच्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना मिळते; 1987 च्या गाडीला त्यासाठी अजून थांबावं लागेल. पण आज काय कापलं, काय जोडलं याचे फोटो जपून ठेवलेत तर तेव्हा कामी येतील.

खाडीकाठ

फोटो काढतोय, प्रत्येक टप्प्याचे.

उजवी बाजू पूर्ण झाली. पाईप टाचून, दार लावून बघितलं, फट वरखाली सारखी आली. डेंटरनं नव्या रनिंग बोर्डच्या आतल्या बाजूला बंद करण्याआधीच इपॉक्सी मारला, आणि निचऱ्याची भोकं मूळ जागी ठेवली. जोडांवर सीलर भरला. मेणाचा फवारा त्याच भोकांतून नळी घालून मारणार आहोत, रंगानंतर.

पाणी काचेच्या उजव्या कोपऱ्यातूनच येत होतं. काच काढली तर रबराखालची कड बोटभर सडलेली. तिथे नवी पट्टी जोडून प्रायमर मारलाय. नवं रबर आणलं आहे, पण काच आणि रबर परत बसवताना कोपरे आत वळतात. काही युक्ती?

पत्रेकाम

काच गाडीबाहेर आडवी ठेवून आधी रबर काचेवर चढवा. रबराच्या ज्या खाचेत बॉडीची कड बसते, त्या खाचेत सुतळीपेक्षा जाड, गुळगुळीत नायलॉनची दोरी सगळीकडून फिरवा आणि दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवरून नेऊन मोकळी सोडा. खाचेत साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा तेल नको, रबर फुगतं. दोघांनी बाहेरून काच चौकटीवर बसवून तळहातानं दाबून धरायची, तिसऱ्यानं आत बसून दोरीचं एक टोक काचेच्या दिशेनं हळूहळू ओढत जायचं. दोरी निघेल तशी रबराची ओठाळी कडेवरून आत उलटते. कोपऱ्यावर आलात की थांबा, बाहेरच्यानं तिथेच दाब द्यायचा, मग पुढे. काचेवर मूठ आपटू नका. बसल्यावर रबर आणि बॉडी यांच्यामधे न सुकणारा मस्टिक भरा, आणि नमदा घालण्याआधी पुन्हा एकदा पाण्याचा पाईप लावून बघा.